नववा वेढा

"आज चार गणपे निघाले," टेस्टिंगच्या टेबलावरची मुलगी म्हणाली आणि हातातला स्टार्टर तिनं उचलून लाल पेटीत ठेवला.

"चार काय निघाले?" मी विचारलं.

"गणपे. म्हणजे टेस्टला न टिकलेले." ती हसली. "बाहेर रिजेक्ट म्हणतात मॅडम. आमच्यात गणपा म्हणतात."

"का बरं?"

तिनं शेजारच्या बाईकडे पाहिलं, त्या बाईनं फोरमनकडे पाहिलं आणि फोरमननं खांदे उडवले. "पहिल्यापासनं तसंच आहे. कंपनीचा शब्द आहे तो."

मी लगेच वही काढली. कारखान्याचा इतिहास लिहायला निघालेल्या माणसाला असा एखादा शब्द सापडला की गुदगुल्या होतात. कामगारांची स्वतःची बोली, तिचा गोडवा, असा एक परिच्छेद मी तिथंच उभ्या उभ्या मनात जुळवूनही टाकला. तो परिच्छेद आठवला की आजही मला माझीच लाज वाटते.

ही गोष्ट १९९४ सालची. मी तेव्हा सांगलीत एका कॉलेजात इतिहास शिकवत होते. तळंदगे इलेक्ट्रिकल्सला त्या दिवाळीत चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. आडत दुकानामागच्या खोलीत बाबगोंडा तळंदग्यांनी पाण्याच्या मोटरचा पहिला स्टार्टर जुळवला, तेव्हापासून 'दीपमाळ' हा त्यांचा छाप कृष्णाकाठच्या निम्म्या विहिरींवर जाऊन बसला होता. बाबगोंडांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. त्यांचा मुलगा सुकुमार जर्मनीला जाऊन आला आणि येताना तिथल्या एका कारखान्याचं जाडजूड पुस्तक घेऊन आला. त्या लोकांनी आपल्या तीन मोठ्या चुका स्वतःहून छापल्या होत्या, याचं त्याला फार अप्रूप वाटलं होतं.

"मॅडम, जाहिरात लिहिणारे पैशाला पासरी मिळतील," सुकुमार मला म्हणाला. "मला इतिहास पाहिजे. बरं-वाईट, सगळं."

असं कुणी म्हटलं की मी पाघळते. तरी एवढी सावध होते की लेखी घेतलं. लेखिकेच्या संमतीशिवाय एकही ओळ वगळायची नाही, अशा पत्रावर मी अण्णांची सही मागितली. सत्तरीचे अण्णा पांढऱ्या टोपीखालून मिश्कील हसले. "करतो की सही. आमच्यात काय आहे वगळण्यासारखं?" असं म्हणून त्यांनी ती ठसठशीत केली.

गणपा मला हजेरीच्या जुन्या रजिस्टरात भेटला. सोडून गेलेल्या माणसांच्या नावापुढं निळ्या शाईत 'नोकरी सोडली' असं लिहिलेलं असे. एकाच नावापुढं तांबडी शाई होती. 'गणपत दादू लोहार, टेस्टर. २ एप्रिल १९६८. कामात अक्षम्य हयगय. सेवेतून कमी.' म्हणजे तो शब्द नव्हता, माणूस होता. आणि चौकशी केली तर तो जिवंत होता आणि कारखान्यापासून दोन मैलांवर कुपवाडला राहत होता.

गणपत लोहार दारातच बसले होते. अडुसष्ट वर्षांचा, उंच हाडापेराचा माणूस, आणि समोर लोकांच्या बिघडलेल्या इस्त्र्यांची रांग.

"तुमीच व्हय त्या पुस्तकवाल्या बाई?" त्यांनीच विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कारखान्यातलं काय लपून ऱ्हातंय व्हय हितं? बसा."

मी बसले. त्या शब्दाचा विषय कसा काढावा ते मला कळेना. त्यांनीच काढला.

"गणपं निघतात न्हवं अजून? मला ठावं हाय. सव्वीस वर्सं झाली, रोज माझं नाव त्या तांबड्या पेटीत टाकत्यात. टाकणाऱ्या पोरींला म्हाईतबी न्हाई." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना.

मग त्यांनी सांगितलं. एकोणीसशे अडुसष्टच्या फेब्रुवारीत साठ स्टार्टरांचा एक माल बाहेर पडला. शेतकऱ्यांच्या तक्रारी आल्या की मोटर चालू केली की दहा मिनिटांत स्टार्टरचा खटका पडतोय, पाणी पाटापर्यंत पोचत नाही. मोटरवर जास्त भार आला तर ती जळू नये म्हणून स्टार्टरात जाड तारेची एक कॉइल असते, ती खटका पाडते. इथं भार नसतानाही पडत होता. शिवराम ऐनापुरे नावाच्या एका तरण्या शेतकऱ्यानं वैतागून खटका सुतळीनं बांधून टाकला. नऊ मार्चला खरोखर भार आला, तेव्हा खटका पडायला हवा होता आणि तो पडला नाही. स्टार्टरमधलं तेल पेटलं. शिवराम मोटरच्या खोलीतच होता.

"तीस वर्साचा गडी," गणपत म्हणाले. "मी मातीला गेलो हुतो. त्याच्या भावानं मला वळखलं न्हाई, म्हणून वाचलो."

"चूक काय होती?"

"कॉइलला आठ वेढं पाहिजेत. त्या साठांत नऊ हुतं. येक वेढा जादा, म्हणून खटका लवकर पडायचा. आता मी टेस्टर. वेढं काय मी घालत नव्हतो, बाई."

"मग तुम्हाला का काढलं?"

"टेस्टच्या कार्डावर सही माझी."

"तपासल्याशिवाय केली होती?"

ते इस्त्रीचा तळ फडक्यानं पुसायला लागले. "सही माझी हाय म्हणलं की."

मी त्याचा अर्थ 'तपासून केली होती' असा घेतला. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. इतिहासाच्या बाईनं करू नये ती चूक, आणि मी ती अगदी पहिल्या वर्षाच्या पोरासारखी केली.

निघताना त्यांनी मला थांबवलं. "त्यानंतर सांगली-मिरजेत येकाबी कारखान्यानं मला दारात उभं केलं न्हाई. आता काय कुटं नोकरी करायची न्हाई मला. पर पुस्तक निघतंय तर खरं काय झालं ते लिवा. मी हाय तवर लिवा."

मी त्यांना शब्द दिला.

पुढचे पंधरा दिवस मी कारखान्याच्या माडीवरची जुनी कपाटं उपसली. शेतकऱ्यांची पत्रं सापडली. त्या मालाचा गेटपास सापडला. त्यावर तारीख होती २० फेब्रुवारी, वेळ दुपारी चारची आणि सही अण्णांची. आणि एका फायलीच्या तळाशी मुंबईच्या एका व्यापाऱ्याला केलेल्या तारेची प्रत सापडली: 'वेढे मोजायचं यंत्र ताबडतोब पाठवा.' तारीख १४ मार्च १९६८. शिवराम गेला त्याच्या पाचव्या दिवशीची.

माझं डोकं भणभणलं. पाचव्या दिवशी अण्णांना कळलं होतं की घोटाळा मोजणीत आहे. मग एकोणीस दिवसांनी टेस्टरला का काढलं? इथंच पाणी मुरत होतं. मी त्या रागातच प्रकरण लिहून काढलं. त्यात गणपत लोहार निर्दोष होते आणि मालक कावेबाज होते. वाचताना मलाच शहारे येत होते.

फक्त एक राहिलं होतं. मोजणी चुकली कशी?

त्यासाठी मी चंपूआक्कांकडे गेले. या अण्णांच्या थोरल्या बहीण. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला आणि त्या माहेरी आल्या. दुकानाच्या मागच्या खोलीत पहिली कॉइल त्यांनीच गुंडाळली होती, आणि पुढं वाइंडिंगच्या खात्यात पन्नास बायका त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. शहात्तरीला आलेल्या आक्का अण्णांच्याच घरात, सोप्यात बसून दळणाला द्यायची ज्वारी मापानं मोजत होत्या.

"बस गं. माप चालू असताना बोलत न्हाई मी." आणि त्या मोजायला लागल्या. "लाभ... दोन... तीन... चार..."

मला गंमत वाटली. माझी आजीसुद्धा धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नसे, लाभ म्हणे.

"आक्का, कारखान्यातही असंच मोजत होता का?"

"मग? आडत्याची लेक मी. पहिल्याला एक म्हणलं तर बरकत जाते. वेढे मोजताना सगळ्या पोरींना मी तसंच शिकवलं. लाभ, दोन, तीन. आठ म्हणलं की कात्री." त्या स्वतःशीच हसायला लागल्या. "एकदा मोठं काम आलं म्हणून शिवणाच्या क्लासातल्या सहा पोरी घेतल्या. शहरातल्या. रेशनवर वाढलेल्या, तराजूशिवाय धान्य बघितलेलं न्हाई. त्यातली एक मला इचारते, आक्का, लाभ म्हणल्यावर हात जोडायचे का? तिला वाटलं, देवाचं नाव घेऊन मग मोजायला लागायचं!"

त्या हसत होत्या. मी मात्र वही उघडली.

"हे कधीचं, आक्का?"

"शिवरात्रीच्या आधीचं असंल. त्याच साली ते मेलं यंत्र आलं, आणि मी घरी बसले." त्यांनी पुन्हा माप भरलं.

लाभ, एक, दोन, तीन... आठ. नऊ वेढे. सहा मुलींनी देवाचं नाव घेत पहिला वेढा घातला, मग पुढच्याला एक म्हणून मोजायला सुरुवात केली, आणि कुणाच्याच हे लक्षात आलं नाही. मी चहा न घेता उठले. आक्कांना काही सांगायचं धैर्य मला झालं नाही.

पानं जुळवून छापखान्यात जायला आठ दिवस उरले होते, तेव्हा अण्णांचं बोलावणं आलं. सकाळचे अकरा वाजले होते. ऑफिसात ते होते आणि सुकुमार होता. टेबलावर माझं प्रकरण पडलेलं होतं.

"हे काढा," अण्णा म्हणाले.

मी पर्समधून पत्र काढून त्या प्रकरणाशेजारी ठेवलं.

"सही माझी आहे, ठाऊक आहे मला," अण्णा म्हणाले. "पत्र दाखवू नका. छापणार कोण? पुस्तक आमचं आहे."

"मग पुस्तक छापू नका. पण माझ्या नावानं अर्धं छापता येणार नाही."

"अण्णा," सुकुमार मधे पडला, "मॅडमना आपणच सांगितलं होतं, सगळं लिहा म्हणून."

"तू गप. तू तेव्हा चार वर्षांचा होतास." अण्णांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मी त्यांना टोपीशिवाय पहिल्यांदाच बघत होते. "बाई, तुमचा तो लोहार धुतल्या तांदळासारखा आहे, असं लिहिलंय तुम्ही. 'प्रत्येक स्टार्टर तपासणाऱ्या दक्ष टेस्टरचा बळी.' वा! वीस फेब्रुवारीला सकाळी सातला वीज गेली, ती रात्री आठला आली. साठ स्टार्टर त्यानं कशावर तपासले? पणतीवर?"

इस्त्रीचा तळ पुसणारा तो हात माझ्या डोळ्यांपुढं आला आणि मी तेव्हा काय ऐकायचं टाळलं ते मला कळलं. इतकी तोंडघशी मी आयुष्यात कधी पडले नव्हते.

"एकही तपासला नाही त्यानं," अण्णा म्हणाले. "कार्डांची चळत घेऊन बसला आणि साठ सह्या केल्या. त्याला काढलं, त्यात काय चुकलं माझं?"

सुकुमार माझ्याकडे बघत होता. मला वाटतं, त्यालाही वाईट वाटलं असावं. मी माझे कागद गोळा करायला लागले, निघून जावं म्हणून. त्या कागदांत गेटपास होता.

"अण्णा," मी म्हणाले, "वीज रात्री आठला आली?"

"आठला."

"हा गेटपास दुपारी चारचा आहे."

मी तो त्यांच्यापुढं सरकवला.

"वीज नव्हती हे तुम्हाला माहीत होतं. म्हणजे तपासणी झालेली नाही हेही माहीत होतं. मग गाडी फाटकाबाहेर कशी गेली? सही तुमची आहे."

सुकुमारनं हात पुढं करून गेटपास घेतला. बराच वेळ वाचत राहिला. एवढ्याशा कागदावर वाचायला काहीच नव्हतं.

"अण्णा, हे खरं आहे?"

"गाडी सकाळपासून उभी होती," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "ड्रायव्हर कटकट करत होता. उसाला पाणी द्यायचे दिवस, लोकांचे निरोपावर निरोप. गणपा माझ्याकडं आला होता. मालक, वीज न्हाई, म्हणाला. मी म्हणालो, चौदा वर्षांत आपला स्टार्टर कधी फेल गेलाय का? कर सह्या."

खाली कारखान्यात यंत्रं चालू होती, त्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"लिहा," अण्णा म्हणाले. "माझं नाव लिहा. गणपाच्या सहीचंही लिहा. पण तुम्ही आक्काकडं जाऊन आलात, कळलंय मला. ती मोजणी नको. आक्काचं नाव नको."

मी चमकले. मोजणीचं मी अजून प्रकरणात घातलंच नव्हतं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"तिसऱ्या दिवशी मी कॉइल सोडून वेढे मोजले. मग त्या पोरींच्या मागं जाऊन उभा राहिलो. लाभ, एक, दोन... उभ्या उभ्या घाम फुटला मला. आक्काला सांगितलं असतं तर तिनं त्याच दिवशी विहीर जवळ केली असती. तिला अजून ठाऊक नाही. मी तसाच मरणार होतो. तुम्ही कशाला आलात मधे?"

खरं सांगते, तो सौदा मला पटत आला होता. मालकानं आपणहून चूक कबूल केली, गणपतांचा भार निम्मा उतरला, आणि एका म्हाताऱ्या विधवेला धक्का बसला नाही. पुस्तकही वेळेवर निघालं असतं. पण नववा वेढा आला कुठून, हे न लिहिलं तर वाचणारा काय समजणार? गणपा टेस्टर होता, त्यानंच काहीतरी केलं असणार, असंच समजणार. सव्वीस वर्षं समजत आले तेच.

"मी ते वगळणार नाही," मी म्हणाले. "पण त्यांना न सांगता त्यांचं नाव छापणंही मला जमायचं नाही. चला, सांगू या."

"तुम्हाला काळीज आहे की नाही?" अण्णा ओरडले.

"अण्णा, चला," सुकुमार म्हणाला. तो उठून उभा राहिला होता.

आम्ही तिघं घरी गेलो. आक्का सोप्यात पेपर वाचत होत्या. भरदुपारी भाऊ घरी आलेला बघून त्या घाबरल्या. "बाबू, काय झालं?"

अण्णा टोपी हातात घेऊन उभेच राहिले. शेवटी मीच सांगितलं. वर्गात सांगते तसं, तारखांसकट. दुसरं काही मला येत नव्हतं. आक्कांनी चष्मा काढला. मग त्या एकेक बोट दुमडायला लागल्या, ओठ हलत होते. आठवर पोचल्या तेव्हा एक बोट जास्त दुमडलेलं होतं. त्या बोटाकडे त्या किती तरी वेळ बघत राहिल्या.

"म्हणजे नऊ," त्या म्हणाल्या. "त्या पोरीनं मला हात जोडायचं इचारलं, आणि मी हसले. तिथंच कळायला पाहिजे होतं मला."

"आक्का, तुझी काही चूक—" अण्णांनी सुरुवात केली.

"बाबू!" शहात्तर वर्षांच्या बाईचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "तू यंत्र आणलंस आणि मला काय म्हणालास? आक्का, तुझ्या डोळ्यांना त्रास नको, आता तू घरी बस. मी पन्नास वर्षांची होते. दिसत होतं मला. मला वाटलं, कारखाना मोठा झाला, आता आडत्याची अडाणी बहीण लोकांत दाखवायला नको झाली. सव्वीस वर्षं मी तेच समजत आले. तुझ्या घरात, तुझ्या ताटाशेजारी जेवताना."

अण्णा खाली बसले. बहिणीच्या पायाशी, फरशीवर. त्यांना रडताना बघायला नको म्हणून सुकुमार तोंड फिरवून उभा राहिला. मी मात्र बघितलं. मला वाटतं, तिथं माझं बघणं भाग होतं.

आक्कांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला नाही. माझ्याकडे वळून विचारलं, "तो पोरगा गेला, त्याचं नाव काय म्हणालीस?"

"शिवराम ऐनापुरे."

"त्याचं नाव आधी घाल. मग माझं. पुरं घाल, चंपूताई देवाप्पा बिरनाळे."

मी तीन दिवसांत प्रकरण पुन्हा लिहिलं. शहारे आणणारी वाक्यं एकूणएक काढून टाकली. होतं ते अडीच पानांत मावलं. सुकुमारनं वाचलं आणि छापायला दिलं. अण्णांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, मला वाचायचं नाही, छापा.

आता कुपवाडला जायचं होतं, आणि आक्कांपेक्षा जास्त भीती मला त्याचीच वाटत होती. ज्या माणसाला मी शब्द दिला होता, त्याच्याच विरुद्ध मी लिहिलं होतं. रिक्षातून उतरताना वाटलं, टपालानं पाठवून दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

गणपत दारातच होते. छापील पानं बघून त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "माझा चष्मा फुटलाय. तुमीच वाचा."

"वाचते. पण आधी सांगते, तुमच्या सहीचं लिहिलंय. वीज नव्हती, तेही."

ते माझ्याकडे बघत राहिले. आता हे उठा म्हणणार, असंच मला वाटत होतं.

"लिवायचंच की," ते म्हणाले. "त्यात खोटं काय? मी केल्या सह्या. तुमी इचारलं त्या दिवशी जीभ रेटली न्हाई, येवढंच. शिवरामचं नाव घातलंय न्हवं?"

"पहिलंच आहे."

"मग वाचा."

मी वाचलं. शिवराम ऐनापुरे कसे गेले. आठाचे नऊ वेढे कसे झाले, मोजणी कुणी शिकवली होती, आणि मुलींनी ती कशी समजून घेतली. वीज नसताना गणपत लोहारांनी साठ कार्डांवर सह्या केल्या. तपासणी झालेली नाही हे माहीत असून बाबगोंडा तळंदग्यांनी त्या करायला सांगितल्या आणि गाडी सोडली. शेवटचं वाक्य असं होतं: 'ही चूक तिघांची होती, आणि शिक्षा एकट्या गणपत लोहारांना झाली.'

गणपतांनी खाली मान घालून बोटं फडक्याला पुसली. मला वाटलं, त्यांना हे कमी वाटलं असणार. निर्दोष म्हणून लिहीन, असं मी त्यांना भासवलं होतं. मी काहीतरी समजावून सांगायला तोंड उघडलं.

"तिघांची," ते म्हणाले. "असंच छापलंय?"

"असंच."

त्यांनी मान वळवून आत पाहिलं. आत त्यांची बायको भाकरी थापत होती. पाठमोरी बसली होती आणि मी आल्यापासून एकदाही वळली नव्हती.

"सव्वीस वर्सं ती म्हणतीया, तुमी तेवढं नीट तपासलं असतं तर त्या माउलीचं कुक्कू पुसलं नसतं. दुसरं काय न्हाई म्हणत. तेवढंच." ते माझ्याकडे वळले. "तिला ऐकू आलं नसंल, बाई. जरा मोठ्यानं वाचा."

मी पानं पुन्हा हातात घेतली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले. शिवरामचं नाव आलं तेव्हा आतला थापण्याचा आवाज थांबला होता.